हात चालतो का?

सुमनआत्यांचं नाव आधी घेतो, बाकीचं मग सांगतो. त्या मोर्शीच्या. माझ्या नात्यातल्या नाहीत, माझ्या गावाकडच्याही नाहीत. पण एका चांगल्या माणसाचं ठरत आलेलं लग्न माझ्या तोंडामुळे मोडलं होतं, ते त्यांनी सावरलं आणि मला अकोल्यात तोंड दाखवायला जागा ठेवली. त्यांचे उपकार आधी नोंदवले म्हणजे पुढचं लिहिताना मी अडणार नाही, असं वाटतं.

मुष्टियोद्धे रिंगबाहेर कसे असतात, मारकुटे की मवाळ, यावर मी लिहावं असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिलं ते चुकेल का, कुणाला लागेल का, ही धास्ती आहेच. तरी लिहितो, कारण हा प्रश्न मला एकदा एका माणसाने खरोखर विचारला होता आणि तेव्हा मी त्याचं उत्तर फार वाईट दिलं होतं.

मी मूळचा गुहागरकडचा. मामा रेल्वेत होते, त्यांची बदली अकोल्याला झाली, तेव्हा आईने मला त्यांच्याबरोबर पाठवलं. पुढे मामांची बदली झाली, ते गेले आणि मी इथेच राहिलो. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ड्रेसिंगला होतो. तिथे गजूभाऊ भुवई फुटून आले होते. मी पट्टी केली. ते आरशात बघून म्हणाले, "मस्त केलं बे. आमच्या हॉलवर येतं का?" मी गेलो. त्या दिवसापासून मी मुष्टियोद्ध्यांचे हात बांधतो आणि फुटलेली कातडी सांभाळतो. हॉलमधले सगळे मला कोकण्या म्हणतात. खरं नाव विचारलं तर सांगावं लागेल की त्यांना ते माहीत नाही.

कामाचं थोडं सांगतो. लढतीच्या आधी हात बांधायचे. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत पट्टी, वर चिकटपट्टी. फार घट्ट झाली तर बोटं बधिर होतात, सैल राहिली तर हाड जातं. बांधून झालं की पंच येऊन पट्टीवर सही करतो, म्हणजे आत कोणी काही लपवलं नाही याची खात्री. व्यावसायिक लढतीत डोक्याला टोप नसतो, ग्लोव्हज बारीक असतात, त्यामुळे भुवया फुटतात. दोन राउंडच्या मधलं एक मिनिट माझं. बर्फात ठेवलेली लोखंडाची छोटी पट्टी सुजेवर दाबायची, जखमेत औषधाचा बोळा धरायचा, वर व्हॅसलिन फासायचं. माझं काम नीट झालं तर ते कुणाच्या लक्षात येत नाही. बिघडलं तर लढत थांबते.

त्यामुळे ही माणसं मी अगदी जवळून पाहतो. इतकी जवळून त्यांच्या घरच्यांनीही पाहिली नसतील. रिंगमध्ये समोरच्याची बरगडी मोजणारा आमचा इरफान इंजेक्शनची सुई पाहिली की माझा शर्ट धरतो. टाके घालताना एकदा तो सरळ माझ्या अंगावर आडवा झाला, आणि त्याचं वजन आमच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त. रस्त्यावर कोणी आडवी गाडी घातली तर हे लोक "जाऊ द्या ना भाऊ" म्हणून बाजूला होतात. त्यात नुसता चांगुलपणा असतो असं नाही. हात मोडला तर कित्येक महिने घरी बसावं लागतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. शिवाय आमचे वस्ताद सलीमभाई पहिल्याच दिवशी सांगतात, "जिसको गुस्सा आया, वो गया."

पण सगळेच तसे नसतात. अमरावतीचा एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. बाहेर पार्किंगवरून, पानठेल्यावरून सारखा भिडायचा. रिंगमध्ये मात्र समोरून ठोसा आला की डोळे मिटायचा. सलीमभाईंनी त्याला काढून टाकलं. म्हणून बॉक्सर बाहेर गायीसारखे असतात असा नियम मी सांगणार नाही. नियम सांगायला गेलो की माझं काय होतं, तेच आता सांगतो.

गजूभाऊ मूळचे हिवरखेडचे. अकोल्यात आईबरोबर भाड्याच्या घरात राहतात. सकाळी आमच्या हॉलवर स्वतःची तयारी, दुपारनंतर अमरावतीच्या एका जिममध्ये शिकवतात. तिशीला आले होते. नाक दोनदा मोडलेलं, डाव्या भुवईवर माझ्याच हाताखालून गेलेल्या खुणा. स्थळं येत, फोटो पाहत आणि पुढे काही कळवत नसत. शेवटी मोर्शीचं स्थळ आलं. संत्र्याची बाग असलेलं घर, मुलगी प्रणाली, एका शाळेत शिकवणारी. पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलीने म्हणे नाकाबद्दल काही विचारलं नाही, ठोसा लागताना डोळे उघडे कसे ठेवता, एवढंच विचारलं. गजूभाऊ दोन दिवस हॉलमध्ये एकटेच हसत होते. सलीमभाई म्हणाले, "ये तो बिना मार खाए गिर गया."

त्या हसण्यामागचं कारण मला नंतर कळलं. गजूभाऊ असल्या गोष्टी सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी हॉलमध्ये एकटा धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी असे एक वयस्कर गृहस्थ दारात आले.

"गजाननभाऊ इथंच असते का?"

"दुपारी अमरावतीला असतात. बसा ना."

"मी असाच आलो," ते म्हणाले. "पुतण्याले टाकाचं होतं इथं."

वऱ्हाडात मुलाची चौकशी अशीच करतात, हे मला ठाऊक नव्हतं. कोणी खतांचा एजंट बनून येतो, कोणी घर भाड्याने हवं म्हणून. आपण मुलीकडचे आहोत हे सांगितलं तर समोरचा खरं बोलणार नाही, असा हिशेब. मी बापडा त्यांना पुतण्याचे काका समजलो. चहा मागवला आणि आपल्या हॉलला एक मुलगा मिळेल म्हणून जास्तच उत्साहाने बोलू लागलो.

"पेते-बिते का गजाननभाऊ?"

"छे. लढत जवळ आली की पाणीसुद्धा मोजून पितात."

"स्वभाव?"

"शांत. कमी बोलतात."

ते खूश दिसले. मग दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला. "अन् हात? हात चालते का त्याचा?"

आता आमच्या हॉलमध्ये हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. सलीमभाई कोपऱ्यातून ओरडतात ते हेच, हात चालव, हात चालव. ज्याचा हात चालतो तो चांगला, ज्याचा थांबतो तो हरला. मी पट्टी खाली ठेवली आणि सरसावून बसलो.

"चालतो म्हणजे? अहो, तीच तर त्यांची खासियत. उजवा जरा उशिरा चालतो, पण डावा कधी लागला ते समोरच्याला कळत नाही."

"रोज?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चालवला नाही तर अंग जड होतं म्हणतात."

"घरी बी?"

"सुट्टीच्या दिवशी घरीच. भांडी पडतात, आई ओरडते, पण ते ऐकत नाहीत."

गृहस्थांनी कप खाली ठेवला. "अन् बाया-मान्सं?"

मला वाटलं, पुतण्याबरोबर पुतणीलाही टाकायचं असेल. "बायकांची बॅच अमरावतीला आहे ना. त्यांच्याशी जरा हळू चालवतात. पण सोडत मात्र नाहीत. पहिल्या आठवड्यात रडवतातच."

ते उठले. चहा तसाच राहिला. "बरं झालं भेटले तुमी," म्हणाले आणि गेले. माणूस मोठा सज्जन, असं मला वाटलं.

मोर्शीहून नकार आला. मध्यस्थाने गजूभाऊंना कारणही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बांधून घेताना गजूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "मोर्शीवाले नाई म्हनले. इथूनच कोनी तरी सांगतलं म्हने, का माहा हात घरी बी चालते अन् बायांवर बी चालते. आईले मारतो म्हने मी."

ते गृहस्थ, तो उरलेला चहा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. गप्प राहण्याचा विचार मनात आला, पण जमलं नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना पट्टी हातातून दोनदा सुटली. गजूभाऊंनी हात तसेच पुढे धरून ठेवले होते.

"थरथरून काहून राहिला?" ते म्हणाले. "तुले का मारतो का मी?"

मग सुटलेली पट्टी उचलून माझ्या हातात दिली. शेवटी एवढंच म्हणाले, "मले ते पोट्टी पसंत होती बे."

सलीमभाई मागे उभे राहून ऐकत होते. "इतने बॉक्सर बनाए मैंने," ते म्हणाले. "पहिल्या राउंडमध्ये असा नॉकआउट कोनीच नाही केला. तूने किया, वो भी चाय पिलाके." इरफान हसायला लागला आणि गजूभाऊंचं तोंड पाहून थांबला. मग सलीमभाई मला म्हणाले, "जा. तूने बिगाडा, तूच सुधार."

मी मोर्शीला निघालो. अमरावतीला गाडी बदलली. वाटेत दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा होत्या आणि मी मनात एकच वाक्य घोकत होतो, ते शेवटपर्यंत नीट बसलं नाही. आपण खोटं सावरायला आलोय असंच त्यांना वाटेल, ही भीती होती. मला पोटाला लावणाऱ्या माणसासाठी मी काहीही बोलेन, हे कुणालाही दिसलं असतं.

घरात ते गृहस्थच होते, प्रणालीचे वडील वासुदेवराव. मला पाहून त्यांचा चेहरा आखडला. ओसरीवर त्यांची मोठी बहीण, सुमनआत्या, तुरीच्या ओल्या शेंगा सुपात घेऊन सोलत बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच असतात. मी गजूभाऊंच्या हॉलवरचा कोकण्या, असं सांगून उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. घरी वाळूची जाड बॅग ओसरीच्या लोखंडाला टांगलेली आहे, तिला मारतात म्हणून भांडी पडतात. जिममधल्या बायका रडतात त्या व्यायामाने.

वासुदेवराव म्हणाले, "आता तुमी तं असंच सांगान."

पण आत्या हसायला लागल्या. आधी गालातल्या गालात, मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून. "वासुदेवा, तू पुतण्याले टाकाले गेला होता अन् पोट्टीले काढून आनलं," असं म्हणून पदराने डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, सुटलो.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी हसणं बंद केलं. "हे मैदानातलं झालं. आता घरातलं सांग. बस."

मी बसलो.

"माहे मालक लय गरीब होते," त्या म्हणाल्या. वऱ्हाडात गरीब म्हणजे मवाळ. "गावात कोनाले अरे म्हनलं नाई. लोक गाय म्हनत. दार लागलं का मंग." त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळीचं हाड तुटून वाकडंच जुळलेलं होतं. मी असली हाडं रोज पाहतो, पण त्या हाताकडे मला नीट बघवलं नाही. "म्हनून मी बाहेर कसा हाय ते इचारत नाई. हरल्यावर कसा राहते ते सांग."

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी सांगितलं. पुण्याला गजूभाऊ एका हरियाणाच्या मुलाकडून गुणांवर हरले. अकोल्याला गाडीतून उतरलो तेव्हा डोळा मिटलेला होता. स्टेशनबाहेर एक रिक्षावाला हसून काहीतरी बोलला. गजूभाऊंनी त्याची कॉलर धरली. मूठ वर गेली. मी पाहिली. मग सोडून दिलं आणि घरापर्यंत चालत गेले.

"पाय, हेच म्हनत होतो मी," वासुदेवराव बहिणीला म्हणाले.

"थांब रे. सोडलं कावून?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"मंग इचार ना."

मी फोन लावला. आत्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आवाज मोठा करायला लावला. "मी प्रनालीची आत्या बोलून राहिली. तुमच्या कोकण्यानं खुलासा केला. आमी सारे ऐकून राहिलो, आधीच सांगतो. त्या रिक्षावाल्याले सोडलं कावून?"

पलीकडे जिमचा गोंगाट होता. तो थोडा दूर गेला, म्हणजे गजूभाऊ बाहेर आले असावेत.

"त्याचे हात खालीच होते, आत्या," ते म्हणाले. "त्याले वर करताच येईना. मले तसं मारता येत नाई. समोरच्याचे हात वर असले तंच माहा हात निंगते."

"म्हंजे राग गेला होता?"

"नाई. राग होताच."

"घरात कोनावर येते?"

"आईवर येते. मंग मी बोलत नाई तिच्याशी."

"किती दिवस?"

गजूभाऊ हळूच म्हणाले, "कधी कधी आठवडा."

"ते बी मारनंच होय," आत्या म्हणाल्या. "मले दोन्हीचं ठाऊक हाय. बोलनं बंद केलेलं जास्त दुखते."

"हो," गजूभाऊ म्हणाले.

फोन ठेवला. आतल्या दारात प्रणाली उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. "मला त्यांच्याशी बोलायचं आहे," ती वडिलांना म्हणाली. "तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, पण मी विचारल्यावर." वासुदेवरावांनी बहिणीकडे पाहिलं. आत्यांनी शेंगांचं सूप पुन्हा ओढून घेतलं. मग प्रणालीने मला विचारलं, "तुम्ही त्यांचे हात रोज बघता?"

मी म्हटलं, हो. आणि माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. ग्लोव्हजमधून मारलेल्या हाताची सूज वेगळी असते. उघड्या मुठीने कुणाला मारलं तर करंगळीखालचं हाड जातं, नाहीतर समोरच्याचा दात लागून कातडी फाटते. म्हणजे घरात मूठ उचलली तर तो हात दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच येणार बांधायला. हे सांगताना मला जरा अभिमानही वाटला.

"थापड मारली तं?" आत्या शेंग सोलत म्हणाल्या.

थापडेचं कळत नाही. खूण राहते ती समोरच्याच्या गालावर, हातावर काहीच नाही.

"मंग तोंड पायत जाय त्याचं. रोज सकायी तू त्याच्या समोर बसते ना? ज्यानं रात्री घरात मारलं त्याचं तोंड सकायी लय गोड असते. माह्या मालकाचं तसंच असाचं." त्यांनी मूठभर दाणे वाटीत टाकले. "तू त्याचा मानूस हाय का आमचा?"

"त्यांचा," मी म्हणालो.

"बरं. आजपासून थोडा आमचा बी राय. तसं तोंड दिसलं तं आधी मले येऊन सांगजो."

मी शब्द दिला, तेव्हा त्यांनी मला जेवायला बसवलं. भाकरी आणि त्याच तुरीच्या दाण्यांची आमटी. घर सोडल्यापासून मला कोणी असं समोर बसून वाढलं नव्हतं, ते इथे लिहून ठेवतो.

प्रणालीने गजूभाऊंना बरंच काही विचारलं म्हणे. काय, ते मला माहीत नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. ती आता अकोल्याच्या शाळेत शिकवते. गजूभाऊ हरले तर अजून गप्प होतात, पण ती त्यांच्यासमोर ताट ठेवून बसते आणि एक तरी वाक्य बोलल्याशिवाय उठू देत नाही. सासूबाईही तिच्याच बाजूला. गेल्या वेळी हरून आले तेव्हा ते आईला म्हणाले, "मीठ कमी हाय." आईने ते शेजारीपाजारी सांगितलं.

तर मारकुटे की मवाळ? मला उत्तर देता येत नाही. हात मी बांधतो, म्हणून हाताचं सांगू शकतो. बाकीचा माणूस हाताच्या पलीकडे असतो आणि तिथे मी सुमनआत्यांकडून जेवढं शिकलो तेवढंच.

रोज सकाळी पट्टी बांधायला घेताना मी आधी गजूभाऊंच्या तोंडाकडे बघतो. कशासाठी ते त्यांनी एकदा विचारलं. मी खरं सांगितलं. आत्यांना शब्द दिलाय की तसं काही दिसलं तर सगळ्यात आधी मोर्शीला जाऊन त्यांना सांगेन. मला वाटलं आता माझं इथलं अन्न संपलं. गजूभाऊंनी दुसरा हात पुढे केला आणि म्हणाले, "जाय. पन मले सांगून जाय."

माझ्यासारख्या बाहेरच्या, बोलण्यात चुकलेल्या माणसावर आत्यांनी एका दुपारी विश्वास टाकला. त्याची परतफेड कशी करायची ते त्यांनीच ठरवून दिलं आहे. ती करायची वेळ येऊ नये असं मला रोज वाटतं. आली, तर मी गजूभाऊंना सांगेन, पिशवी उचलेन आणि मोर्शीची गाडी धरेन.